एका विशेषणाच्या अकरा तळटिपा

लुब्लिनमधल्या आमच्या कोशसंस्थेच्या कोटघरात चौतीस वर्षं काम केलेल्या ओतिलियाबाई शेवचुक यांना एका वाक्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. वाक्य सात शब्दांचं होतं. त्यांतल्या सहा शब्दांबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं, आजही नाही. उरलेला एक शब्द विशेषण होता आणि दुर्दैवानं त्या विशेषणाचा देशातला सर्वांत मोठा जाणकार मीच होतो.

ही बढाई नव्हे. आमची संस्था गेली एकतीस वर्षं इंग्रजी वाचकांसाठी पोलिश भाषेचा बृहत्कोश तयार करते आहे. मी रुजू झालो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि कोश पहिल्या अक्षरावर होता. आता केस नाहीत आणि कोश 'प'वर आहे. 'पोझोंद्नी' हे विशेषण चौदा महिन्यांपासून माझ्या टेबलावर पडून आहे. माणूस पोझोंद्नी म्हणजे सरळ आणि भला. कपाट तसं असलं तर भक्कम, जेवण असलं तर पोटभर, थंडी असली तर हाडं गोठवणारी. बापानं दिलेला चोपही पोझोंद्नी असतो, तेव्हा तो सणसणीत असतो. बाईला लावायचं तर पोझोंद्ना म्हणायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला कळतं. इंग्रजांनाही कळावं म्हणून सरकार मला पगार देतं.

शिवाय मी शपथबद्ध भाषांतरकार आहे. न्यायखात्यानं दिलेला गोल शिक्का माझ्या टेबलाच्या कुलूपबंद खणात असतो. हा शिक्का मारायचा तर कागदावर जे जे दिसतं ते सगळं भाषांतरात उतरवावं लागतं: मजकूर, सह्या, शिक्के, खाडाखोड, डाग, घड्या. एकदा एका जन्मदाखल्यावर माशी चिरडलेली होती. 'उजव्या कोपऱ्यात माशी, एक, मृत' असं मी लिहून दिलं होतं. व्यवसायबंधू त्या कामाचं अजून नाव काढतात.

आता ओतिलियाबाई. आमच्या इमारतीत कोट घालून वर जाता येत नाही. मंत्री आले तरी कोट खाली द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा आणि मगच जिना चढायचा. कोटाच्या कॉलरला आतून अडकवायचा फासा नसेल तर ओतिलियाबाई कोट घेत नसत. आधी त्या माणसाला झापत, मग स्वतःच सुईदोरा काढून फासा शिवून देत. त्यांच्याशी माझी रोज सकाळी गाठ पडायची.

"फासा तुटलाय, खिसा उसवलाय," माझा कोट चिमटीत धरून त्या म्हणायच्या. "भाषेची डॉक्टरकी तेवढी शाबूत आहे. आज ठेवून जा, शिवून देते."

"आज वेळ नाही, ओतिलियाबाई. आज बैठक आहे."

"कोटाला कुठे बैठकीला जायचंय?"

मी हसून वर जात असे. एकतीस वर्षं तोच कोट, तोच फासा आणि तेच बोलणं चालू होतं.

यंदा संस्थेनं आधुनिकीकरण केलं, म्हणजे कोटघरात लोखंडी कप्पे आणले. कप्प्यात कोट आपला आपण ठेवायचा आणि आकडा दाबून कुलूप लावायचं. आकडे विसरण्याची जबाबदारी ज्याची त्याची. ओतिलियाबाईंची जागा अठ्ठावीस फेब्रुवारीपासून रद्द झाली. पेन्शनला त्यांना दोन वर्षं कमी होती. त्यांची मुलगी कलिना आयर्लंडमध्ये कॉर्कला असते आणि तिला यागोदा नावाची दहा महिन्यांची मुलगी आहे. नात अजून आजीच्या मांडीवर आलेली नव्हती, फोनच्या पडद्यावरच वाढत होती. कलिनानं घराजवळच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी कपडे सांभाळायची नोकरी पाहिली होती. वर राहायला खोली होती, एक मार्चपासून रुजू व्हायचं होतं. आश्रमाच्या व्यवस्थापिका श्रीमती हेगार्टी यांची अट एकच होती: आधीच्या मालकाचं शिफारसपत्र इंग्रजीत, जानेवारी संपण्याआधी.

आमचे डायरेक्टर बोगुमिल क्रुक कामाचा माणूस. त्यांनी उभ्याउभ्या पत्र लिहिलं: 'ओतिलिया शेवचुक आमच्याकडे कामाला होत्या, पोझोंद्ना आहेत.' खाली सही, सहीवर चौकोनी शिक्का, बाजूला गोल शिक्का. त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि मग पत्र बाईंना दिलं.

बाई ते घेऊन माझ्या खोलीत आल्या. सोबत कांदा-खसखस घातलेली गरम भाकरी होती, कोपऱ्यावरच्या बेकरीतली. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, टिपणांपासून लांब, कारण तेलाचे डाग मला चालत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे, डॉक्टरसाहेब."

"दोन मिनिटांत काम करणारे लोक वेगळे, ओतिलियाबाई. तुमचं काम मी मनापासून करीन."

"मनापासून नको हो. शुक्रवारपर्यंत करा."

तो सोमवार होता. मी भाकरी खाल्ली आणि कामाला लागलो.

पहिल्या तीन तळटिपा आपोआप झाल्या: चौकोनी शिक्का, गोल शिक्का, आणि 'मजकुरावर वर्तुळाकार तपकिरी डाग, बहुधा चहा, लिंबासह'. चौथी टीप विशेषणाची. इंग्रजीत मी 'डीसंट' लिहिलं. मग वाटलं, डीसंट म्हटलं तर बाईंचा नीटनेटकेपणा मागे राहतो. 'टायडी' म्हटलं तर सचोटी जाते. 'ऑनेस्ट' म्हटलं तर भक्कमपणा जातो, आणि ज्या बाई एका हातावर नऊ हिवाळी कोट तोलतात त्यांचा भक्कमपणा वगळणं मला अन्यायाचं वाटलं. म्हणून पाचव्या टिपेत अर्थच्छटा दिल्या. सहाव्या टिपेत कोणती छटा इथे लागू नाही ते सांगितलं. उदाहरणार्थ, बाईंनी कुणाला सणसणीत चोप दिल्याचा यात उल्लेख नाही, असं स्पष्ट केलं.

पलीकडच्या टेबलावर मालविनाबाई बसतात. क्रियाविशेषणं त्यांच्याकडे आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"डॉक्टर सोवा, डीसंट लिहा आणि मोकळे व्हा."

"लिहिलं आहे. आता ते सिद्ध करतोय."

"कोणी मागितलंय सिद्ध करायला?"

"कोणी मागण्याची वाट पाहतो तो विद्वान कसला?" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत टिपून ठेवलं.

आमच्या कोशाचा नियम आहे की प्रत्येक अर्थाला जिवंत व्यवहारातलं उदाहरण हवं आणि त्या उदाहरणाला अपवाद असेल तर तोही नोंदवायला हवा. त्यामुळे सातवी आणि आठवी टीप उदाहरणांत गेली आणि नववी अशी झाली: 'सदर बाईंच्या चौतीस वर्षांच्या सेवेत कोटघरातून एकही वस्तू गहाळ झाली नाही. अपवाद: हातमोजा, एक, डाव्या हाताचा, तपकिरी चामड्याचा, मालकी खाली सही करणाऱ्या भाषांतरकाराची, गेल्या वर्षीचा जानेवारी.' तो हातमोजा खरंच हरवला होता. सकाळी कोट देताना दोन होते, संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा एकच उरला होता. मी त्याबद्दल कधी कुणाकडे तक्रार केली नव्हती. पण शपथ म्हणजे शपथ. चौतीस वर्षांत फक्त एक हातमोजा, यातून बाईंची सचोटी किती उजळून निघते, असं मला लिहिताना वाटलं. दहावी टीप नवव्या टिपेवर होती आणि अकरावी माझ्या शिक्क्यावर.

शुक्रवारी मजकुराची एक ओळ आणि टिपांची चार पानं कुरियरनं कॉर्कला रवाना झाली. त्याआधी बाईंनी पुडकं हातात तोलून पाहिलं.

"एवढं सगळं माझ्याबद्दल?"

"सगळं तुमच्याबद्दल."

त्यांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षांत त्यांच्यावर इतकं कुणी लिहिलं नव्हतं.

मंगळवारी श्रीमती हेगार्टी यांचं उत्तर ईमेलनं आलं. 'भाषांतर मिळालं. चहा घेत वाचायला बसले, चहा दोनदा गार झाला. माझे दोन प्रश्न आहेत. बाई भल्या आहेत की नाहीत? आणि हातमोज्याचं काय झालं?'

मी खुर्चीतून उठलो. एकतीस वर्षांत आमच्या कोशाच्या एकाही वाचकानं एकही प्रश्न विचारला नव्हता. अर्थात कोश छापून झालेला नसल्यामुळे वाचकच नव्हते, पण आनंद व्हायचा तो झालाच.

"पहिल्याला हो लिहा आणि दुसऱ्याला माहीत नाही लिहा," मालविनाबाई म्हणाल्या.

"'हो' या शब्दावर आपलं अजून काम झालेलं नाही, मालविनाबाई. तो आपल्या वर्णमालेत शेवटून सातव्या अक्षरावर येतो."

मी सविस्तर उत्तर दिलं. गैरसमजाला कुठेही फट राहू नये म्हणून लिहिलं की सदर हातमोज्याबाबत पोलिसांत तक्रार दाखल झालेली नाही, संशयितास अटक झालेली नाही, आणि बाईंविरुद्ध आजमितीस कोणताही खटला प्रलंबित नाही. यानंतर कुणाला काही विचारावंसंच वाटणार नाही, असं मला वाटलं.

उत्तर त्याच दिवशी आलं. 'तक्रार का केली नाही? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्या आणि घड्याळं उघड्यावर असतात. संस्थेचं अधिकृत म्हणणं कळवा. जागा दोन आठवडे राखून ठेवते.'

मी ते घेऊन डायरेक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहाचा ग्लास त्या पत्रावर ठेवला आणि विचार केला.

"चौकशी झाली होती का?"

"नाही, डायरेक्टरसाहेब."

"म्हणजे ओतिलियाबाई निर्दोष ठरलेल्या नाहीत."

"पण दोषी तरी कुठे ठरल्या?"

"तेच म्हणतोय. मधेच लटकल्या आहेत. इतकी वर्षं काम केलेल्या बाईला लटकत ठेवणं शोभत नाही, डॉक्टर. समिती नेमू आणि त्यांना मानानं सोडवू."

समिती तीन जणांची झाली. अध्यक्ष मालविनाबाई. सचिव मी, कारण इंग्रजी मला येतं, आणि हातमोजाही माझाच असल्यामुळे प्रकरणाची मला आतून माहिती होती. तिसरे सदस्य ग्रंथालयातले क्लेओफासराव. ते त्या वेळी सॅनेटोरियमला गेले होते. सांधे दुखोत न दुखोत, आपला नंबर लागला की तीन आठवडे सरकारी खर्चानं गरम चिखलात बसून यायचं, ही सवय आमच्याकडे कुणी मोडत नाही. दोघांची उपस्थिती बैठकीला पुरेशी होती. इतिवृत्तावर सह्या मात्र तीन लागणार होत्या, त्याही निळ्या शाईत, म्हणजे मूळ प्रत कुठली आणि नक्कल कुठली ते ओळखता येतं.

बैठक गुरुवारी अकराला ठेवली. बाईंना मीच खाली जाऊन निरोप दिला.

"अकराला वर या. अॅप्रन घालायची गरज नाही."

त्या थबकल्या, मग हसल्या. "समजलं, समजलं," म्हणाल्या.

त्या काय समजल्या हे मला अकरा वाजता कळलं. बाई नवा ब्लाउज घालून आल्या होत्या, गळ्याशी अंबरची पिन होती आणि हातात खसखशीचा केक होता, झाकलेल्या ताटलीत. नोकरी सोडणाऱ्यानं सगळ्यांना केक खिलवायचा असतो. त्यांना वाटलं हा निरोपसमारंभ आहे.

"बसा, ओतिलियाबाई," मालविनाबाई म्हणाल्या.

"आधी केक कापते. भाषण कोण करणार?"

"भाषण नाहीये," मी म्हणालो. "थोडे प्रश्न आहेत."

"मग तर फारच बरं." त्यांनी मला मधला तुकडा दिला, जिथे खसखस जास्त असते. मी तो इतिवृत्ताच्या शेजारी ठेवला आणि पेन उघडलं.

मालविनाबाईंनी कागदावरून वाचलं. "गेल्या वर्षी सतरा जानेवारीला डॉक्टर सोवांनी आपल्याकडे कोट दिला. आठवतं?"

"त्यांचा कोट मला एकतीस वर्षं आठवतोय. विसरायचा म्हटला तरी जमत नाही."

"त्या वेळी दोन्ही हातमोजे होते?"

"डॉक्टरांचे? ते एकदा दोन वेगळे बूट घालून आले होते. मीच परत पाठवलं घरी."

"कृपया हातमोज्यापुरतं बोला."

बाईंचा सुरीवरचा हात थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा इतिवृत्ताकडे.

"म्हणजे हा निरोप नाही?"

"हा निरोपाच्या आधीचा भाग आहे," मी म्हणालो.

बाईंनी कमरेचं चाव्यांचं जुडगं चाचपलं. त्या अस्वस्थ झाल्या की तसं करत. त्या जुडग्याला एक छोटी पिशवी लटकत होती, तपकिरी चामड्याची, हातानं शिवलेली. ती मी यापूर्वी हजार वेळा पाहिली असेल. त्या दिवशी मी ती नव्यानं पाहिली. मला बाईंचा काडीमात्र संशय नव्हता, मी फक्त पाहिलं. मालविनाबाईंनीही फक्त पाहिलं.

बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी जुडगं कमरेचं काढून आमच्यासमोर टेबलावर ठेवलं, केकच्या शेजारी.

"बघा. हातात घेऊन बघा. माझ्या नवऱ्याच्या बुटाचं चामडं आहे. तो गेला, बूट राहिले. टाकवेनात, म्हणून ही शिवली."

"नोंद करा," मालविनाबाई हळूच म्हणाल्या.

मी नोंद केली: 'सदर पिशवी पतीच्या बुटाच्या चामड्याची असल्याचं बाई सांगतात.' मग शपथेला जागून कंसात लिहिलं: 'बूट सादर केला नाही.'

बाई उठल्या. "केक राहू दे इथेच. ताटली तेवढी परत पाठवा, नाहीतर तीही लिहाल माझ्या नावावर." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, एरवी त्या धरत नसत. आम्ही दोघांनी केक खाल्ला. केक उत्तम झाला होता.

समितीचा निष्कर्ष बाईंच्या बाजूनं निघाला: 'ओतिलिया शेवचुक यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही.' डायरेक्टरसाहेबांनी तो वाचला आणि सावधगिरी म्हणून 'आढळला'च्या आधी 'आजपर्यंत' घातलं. मी त्याचं भाषांतर केलं, 'आजपर्यंत'वर दोन टिपा दिल्या, शिक्का मारला आणि क्लेओफासरावांच्या सहीची जागा मोकळी सोडून पाठवून दिलं. टिपेत लिहिलं: 'तिसरे सदस्य चिखलात.'

चार दिवसांनी श्रीमती हेगार्टी यांचं शेवटचं पत्र आलं. जागा भरली होती. गावातल्याच एका बाईला मिळाली. तिच्यासाठी चर्चच्या फादरनी कागदाच्या चिठोऱ्यावर शिफारस दिली होती: 'शी इज ग्रँड.' शिक्काही नव्हता. सोमवारपासून ती रुजू होणार होती.

मी दिवसभर धुमसत होतो. ग्रँड! आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, बरं, ठीक, चालेल, एवढंच. चहा ग्रँड असतो, हवा ग्रँड असते, पाय मोडलेला माणूसही विचारलं तर मी ग्रँड आहे म्हणतो. असलं ढिसाळ विशेषण एकाही टिपेशिवाय स्वीकारलं गेलं आणि माझं परतलं. मी त्यावर दोन पानी टिपण लिहायला घेतलं. ओतिलियाबाईंची आठवण मला संध्याकाळी कोट घ्यायला खाली गेलो तेव्हा झाली, कारण त्या समोर उभ्या होत्या.

जागा गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी माझा बिल्ला घेतला आणि खुंटीला अडकवला.

"यागोदाला दोन दात आलेत म्हणे," त्या म्हणाल्या. "पडद्यावर नीट दिसत नाहीत."

एवढंच म्हणाल्या. मला स्वतःची लाज वाटली. या वाक्याला मी टीप देणार नाही.

अठ्ठावीस तारखेला लोखंडी कप्प्यांचे आकडे वाटले जात होते आणि बाई शेवटचे कोट परत करत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कोट दिला नाही. समोरच्या टेबलावर पसरला.

"आज बैठक असली तरी मी ऐकणार नाही. हा उसवलेला खिसा घेऊन मी तुम्हाला जाऊ देणार नाही. नंतर कोण शिवणार?"

त्यांनी खिशात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, कारण खिशाला तळच नव्हता. अस्तराच्या आत खाली पार घेरापर्यंत पोचला. तिथे काहीतरी फुगलेलं होतं. बाईंनी पात्यानं चार टाके उसवले आणि ते बाहेर काढलं. तपकिरी हातमोजा, एक, डाव्या हाताचा. बोटं चुरगळली होती, बाकी पोझोंद्नी.

"तेरा महिने अंगावर घेऊन हिंडत होतात," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून नको तेच आलं.

"मी आत्ताच कॉर्कला कळवतो. दुरुस्तीपत्र देतो. बारावी टीप घालतो, तिच्यात सगळा खुलासा..."

"नको, डॉक्टरसाहेब." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तुमच्या खुलाशानंतर माझी मुलगीही दार उघडायची नाही."

खिसा शिवला. फासाही शिवला. कोट झटकून माझ्या अंगावर चढवला आणि पितळी बिल्ले मोजून डायरेक्टरसाहेबांच्या हाती दिले. तीनशे बारा होते, एकही कमी नव्हता. ताटली मी त्यांना परत केली. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत टाकली.

आता त्या बसस्थानकामागच्या बाजारात एका टपरीत बसतात. चेन बदलणं, अस्तर लावणं, फासे शिवणं. मी तिथून जातो तेव्हा पाहतो. अनोळखी माणसं येतात, पाकिटं, किल्ल्या, काय काय खिशात तसंच ठेवून कोट बाईंच्या हवाली करतात आणि निघून जातात. शिफारसपत्र कुणी मागत नाही. विमानाच्या तिकिटापुरते साठले की त्या कॉर्कला जाऊन येणार आहेत. तोवर नात चालायला लागेल.

माझी कोशातली नोंद पुरी झाली. उदाहरण म्हणून मी एकच वाक्य दिलं: 'ओतिलिया पोझोंद्ना आहे.' टीप नाही. संपादक मंडळानं ते आधाराविना म्हणून परत पाठवलं आहे.

राहिला प्रश्न इतिवृत्ताचा. ते अजून उघडंच आहे, कारण तिसरी सही झालेली नाही. क्लेओफासराव सॅनेटोरियमहून तांबूस होऊन परतले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि परत सरकवला.

"मी कशी करू सही? मी तिथे नव्हतो. त्या पिशवीकडे मी पाहिलंसुद्धा नाही."

नियमाप्रमाणे आता असा तिसरा माणूस हवा जो त्या दिवशी टेबलाशी हजर होता, ज्यानं बाईंचं सगळं म्हणणं ऐकलं आणि तरीही, हातमोजा सापडण्याआधी, त्या चामड्याच्या पिशवीकडे एकदा नीट पाहून घेतलं. मी यादी चाळली, संस्थेत तसं कुणी उरलेलं नाही. मग हे सगळं इथवर वाचत आलेल्या तुमची आठवण झाली. जागा मालविनाबाईंच्या सहीखाली आहे, येताना निळं पेन आणा.